चर्चच्या आवारातलं गवत नेमकं कधी कापायचं? (सातारा-सांगली)

धागाकर्ता: भूकमळ

सातारा, वाई, पाचगणी, कराड, मिरज, सांगली या पट्ट्यातल्या जुन्या चर्चना मोठी आवारं आहेत. दफनभूमी कुठे आवाराला लागून, तर कुठे गावाबाहेर. या जमिनीची खरी किंमत सातबाऱ्यावर दिसत नाही. शेजारी ऊस, द्राक्षबाग नाहीतर प्लॉटिंग, आणि मधल्या या तुकड्यात कित्येक पिढ्यांत नांगर लागलेला नाही. तिथे युरिया पडला नाही, पाटाचं पाणी फिरलं नाही. त्यामुळे पांढरी मुसळी, कळलावी, दीपकाडी यांचे कांदे-कंद मातीत शाबूत असतात. बांधावरून आणि माळावरून जे गेलं, ते इथे अजून तग धरून आहे.

ही फुलं नवीन झाडं लावली नाहीत म्हणून जात नाहीत. विळा चुकीच्या महिन्यात चालतो म्हणून जातात. आपल्याकडचा क्रम साधारण असा: मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत कंदवाली फुलं येतात. श्रावण-भाद्रपदात तेरडा, केना, कळलावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात कुर्डू, टाकळा, आणि घाटाकडच्या बाजूला सोनकी, कवला. बी पिकून गळायला ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरची अखेर लागते. आता आपली साफसफाई बघा. एकदा १५ ऑगस्टच्या आधी झेंडावंदनासाठी. दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवायच्या असतात म्हणून. पहिली कापणी फुलोऱ्यावर येते आणि दुसरी कच्च्या बियांवर. कंदवाली झाडं जमिनीखाली असल्यामुळे काही वर्षं तगतात, पण तेरडा-कुर्डूसारखी एका पावसाळ्याची झाडं दोन-तीन वर्षांत संपतात. मोकळ्या झालेल्या जागी गाजरगवत येतं, मग तेही कापलं जातं आणि 'इथे काही उगवतच नाही' असं म्हटलं जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे, रोपं, माळी यांचा विचार नंतर करू, आधी कापणीची तारीख ठरवू. जाणकारांनी आपापल्या भागाप्रमाणे भर घालावी. दफनभूमी, मनोरा, झाडं, पक्षी या सगळ्यावर लिहा.

प्रतिसाद १: पिंगळा

तारखेबद्दल पूर्ण सहमत. एक सावधगिरी मात्र सांगतो. या विषयावर वाचायला गेलं की बहुतेक मजकूर इंग्लंडचा मिळतो. तिथल्या चर्चयार्डांमध्ये हे काम बरीच वर्षं चालू आहे. ए रोशा यूके या संस्थेने २०१६ मध्ये 'इको चर्च' योजना सुरू केली, आणि २०२१ पासून जूनमध्ये चर्चच्या आवारातल्या प्राणी-वनस्पतींची मोजणीही होते. त्यांची पद्धत घेण्यासारखी आहे, पंचांग मात्र घेऊ नका. तिकडे मे महिन्यात गवत न कापण्याचा आग्रह असतो. आपल्याकडे मेमध्ये कापायला गवतच नसतं. तिकडे वसंत-उन्हाळ्यातली फुलं जुलै-ऑगस्टपर्यंत बी धरतात, म्हणून ते तेव्हा गवत कापून वाळवतात. आपण ऑगस्टमध्ये कापलं तर सगळा हंगाम गेला.

त्यांच्याकडून दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. कापलेलं गवत जागेवर कुजू द्यायचं नाही, उचलायचं. आणि सगळं आवार एकाच दिवशी कधीही कापायचं नाही.

प्रतिसाद २: मिरजमळा

सातारा-सांगली एका दमात म्हणू नका. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, सांगली-मिरजेला ६०० च्या आसपास, आणि जत, आटपाडी, माण, खटावला त्याहून कमी. पाचगणीत नोव्हेंबरच्या अखेरीसही गवत ओलं असतं, जतला ते दसऱ्यालाच पिवळं पडलेलं असतं. एकच तारीख चालणार नाही.

जमीनही वेगळी आहे. कृष्णाकाठच्या मिरज-वाळवा भागात जमीन क्षारपड (खारट) होण्याचा त्रास आहे. शेजारच्या उसाचा पाझर आवारात येत असेल तर आधी हद्दीवर दीड-दोन फूट खोल चर काढून पाणी बाहेर वळवा. पांढरट थर दिसणाऱ्या मातीत रानफुलांचं बी टाकून उपयोग नाही, तिथे हरळी आणि लव्हाळाच राज्य करतात.

प्रतिसाद ३: भूकमळ

मुद्दा रास्त आहे. म्हणून तारखेऐवजी जागेची वाटणी सांगतो. ती तिन्ही पट्ट्यांत चालते.

आवाराचा एक साधा नकाशा कागदावर काढा. त्यात तीन प्रकारची जागा ठरवा. पहिली रोजच्या वावराची: फाटक ते दरवाजा, पार्किंग, संडेस्कूलच्या मुलांचं खेळायचं मैदान, कबरींकडे जाणारी वाट. ही वर्षभर बुटकी ठेवा. वाट चार-पाच फूट रुंद हवी, म्हणजे शवपेटी घेऊन दोन्ही बाजूंनी माणसं चालू शकतात. दुसरी जागा राखीव गवताची. ती जूनपासून बी गळेपर्यंत कापायची नाही. तिसरी कोपऱ्यातली, कुंपणालगतची. तिथे दोन वर्षांतून एकदाच विळा, आणि तोही अर्ध्या भागात. फुलपाखरांचे कोष आणि कोळ्यांची अंडी वाळल्या काडीवर असतात. सगळी काडी एकदम गेली की पुढच्या वर्षी पाखरांना खायला अळी राहत नाही.

राखीव गवत कापताना उंची एका उभ्या मुठीएवढी, म्हणजे साधारण १० सेंटीमीटर ठेवा. जमिनीलगत खरवडलं तर कंदांचे कोंब तुटतात आणि उघड्या मातीवर गाजरगवताचं बी पहिलं रुजतं. विळ्याने कापणं सगळ्यात चांगलं. ब्रश कटर वापरायचा असेल तर झाडाच्या बुंध्याभोवती आणि कबरीच्या दगडाभोवती दीड फूट हातानेच कापा. नायलॉनच्या दोऱ्याने साल सोलली जाते. बुंध्याभोवती सगळीकडून साल गेली की झाड वर्ष-दोन वर्षांत वाळतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. मऊ दगडावरची अक्षरंही त्याच दोऱ्याने झिजतात.

कापलेलं गवत तीन-चार दिवस जागेवर पसरून ठेवा, एकदा उलटं करा, म्हणजे राहिलेलं बी खाली गळतं. मग उचला. पाचव्या दिवसानंतर ठेवू नका. कुजलं की जमीन सकस होते, आणि सकस जमिनीत दांडगं गवत नाजूक फुलांना दाबून टाकतं. मारवेल-पवन्यासारखं गवत वैरणीला कुणीही आनंदाने नेतं, बिंडे बांधून ठेवले की झालं. मात्र त्यात गाजरगवत किंवा कळलावी नाही ना हे बघूनच द्या. कळलावी अंगभर विषारी असते.

प्रतिसाद ४: माणदेशी

२ नोव्हेंबरच्या मुद्द्याला मोठी बाजू राहिली. आमच्याकडे तोवर गवत काडीसारखं वाळलेलं असतं आणि त्यात शेकडो मेणबत्त्या लागतात. 'बी गळू द्या' म्हणून सगळं तसंच ठेवलं तर एका ठिणगीत राखीव तुकडा, झाडं, घरटी सगळं जाईल. म्हणून:

प्रत्येक कबरीभोवती दोन फूट पट्टा आणि सगळ्या वाटा २५ ते ३० ऑक्टोबरच्या दरम्यान कापून, झाडून स्वच्छ करा. कापलेलं त्याच दिवशी उचला. मेणबत्ती मातीच्या पसरट भांड्यात, तळाला दोन बोटं वाळू घालून लावायची. भांडी चर्चनेच फाटकाशी ठेवावीत, लोक मुकाट्याने घेतात. दर वीस-पंचवीस कबरींमागे पाण्याची एक बादली आणि ओलं पोतं ठेवा. निघताना दोन तरुणांनी फेरी मारून ज्योती विझवाव्यात.

कुसळी गवत असेल तर ते या पट्ट्यात सप्टेंबरअखेरीलाच काढा. एकदा कुसळ पिकलं की साड्या-धोतरांत घुसतं, आणि पुढच्या कमिटीच्या बैठकीत सगळं आवार साफ करायचा ठराव होतो.

दुसऱ्या दिवशी हार गोळा करताना नायलॉनचा दोरा वेगळा काढा. पक्ष्यांच्या पायात अडकतो तो हाच.

प्रतिसाद ५: जांभा

गाजरगवतावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ते आटोक्यात नसेल तर बाकीचं काही टिकत नाही.

हे उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलावर येतं आणि एका झाडाला हजारो बिया धरतात. वर्षातून एकदा मोठी मोहीम काढून भागत नाही ते यामुळेच. तीन फेऱ्या लागतात: जूनची अखेर, जुलैची अखेर, ऑगस्टची अखेर. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना उपटा. मूळ सरळ खाली असतं, ओल्या मातीतून अख्खं येतं. कोरड्या मातीत मानेशी तुटतं आणि चार फांद्या फुटतात. कापणं तर सगळ्यात वाईट, त्याने ते बुटकं होऊन लवकर फुलतं.

रोप ओळखायची खूण: लहान असताना पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात. पान गाजरासारखं चिरलेलं, राखाडी हिरवं, वर बारीक लव. कॉसमॉसचं पानही चिरलेलं असतं, पण ते रोप पहिल्यापासून उभं वाढतं. कॉसमॉसही बाहेरून आलेला आहे. दिसायला सुंदर असला तरी राखीव तुकड्यात नको.

हातमोजे घाला, अंगभर कपडे घाला, नाकातोंडावर रुमाल बांधा. याने कातडीला खाज येते आणि काहींना दमा उठतो. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना भांगलणीला बोलावू नका. फूल यायच्या आधी उपटलेलं खड्ड्यात टाकून खत करता येतं. फूल आलेलं वेगळं पोत्यात भरून वाळवा.

झाडावर पिवळसर पांढरा, काळ्या नागमोडी रेघांचा छोटा भुंगेरा दिसला तर मारू नका. मेक्सिकोतून १९८४ च्या सुमारास मुद्दाम आणून सोडलेला तो किडा आहे. तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताचीच पानं खातात. फक्त त्याच्यावर विसंबून राहू नका, तो पावसाळ्याच्या मध्यात जोर धरतो आणि तोवर पहिली पिढी फुललेली असते.

उपटलेल्या जागी लगेच टाकळ्याचं बी फेका. तो दाट येतो आणि गाजरगवताला वर डोकं काढू देत नाही. कोवळा असताना भाजीला चालतो, आणि पिवळी छोटी ग्रास यलो फुलपाखरं त्यावर अंडी घालतात.

प्रतिसाद ६: मिरजमळा

आणि फवारणी? मजुरी परवडत नाही म्हणून हल्ली एक पंप मारून मोकळे होतात.

प्रतिसाद ७: जांभा

दोन तणनाशकं सर्रास वापरली जातात आणि दोन्हींचं नुकसान वेगवेगळं आहे. टू-फोर-डी रुंद पानाच्या झाडांना मारतं, गवत सोडतं. म्हणजे तेरडा, कुर्डू, केना नेमकी तीच मरतात. फवारलेल्या आवारात नुसतंच हिरवं गवत का उरतं, त्याचं उत्तर हे. ग्लायफोसेट सगळंच जाळतं. पुढच्या पावसाला उघड्या जमिनीवर पहिलं कोण येतं ते वर लिहिलंच आहे. शिवाय शेजारी द्राक्षबाग असेल तर टू-फोर-डीच्या नुसत्या वाऱ्याने वेलीची पानं आकसतात आणि शेजाऱ्याशी तंटा होतो.

मजुरीचा हिशेब करायचा तर राखीव तुकडा वर्षातून एकदाच कापायचा आहे. तीन भांगलणी धरल्या तरी दर महिन्याच्या कापणीपेक्षा दिवस कमीच भरतात.

प्रतिसाद ८: वाईकर

मंडळींचा खरा आक्षेप वेगळाच असतो, तो म्हणजे साप. म्हातारी माणसं, लहान मुलं येतात. याचं उत्तर दिल्याशिवाय कमिटी ऐकणार नाही आणि तिने ऐकूही नये.

प्रतिसाद ९: पिंगळा

बरोबर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. भीती खोटी म्हणायची नाही, व्यवस्था करायची.

साप गवतापेक्षा उंदरामागे आणि आडोशाला येतो. म्हणून आधी उंदीर येतात ती कारणं काढा: उघडा कचरा, सणानंतर उरलेलं अन्न, भिंतीलगतचे विटा-फरशांचे ढीग. ढीग ठेवायचाच असेल तर वाटेपासून आणि इमारतीपासून किमान ३० फूट लांब, कोपऱ्यात. वाट आणि राखीव गवताच्या मध्ये दोन-तीन फुटांचा कापलेला पट्टा ठेवा, म्हणजे पाय टाकायच्या आधी जमीन दिसते. मुलांच्या मैदानाशेजारी राखीव तुकडा घेऊच नका. कापणीला गमबूट, हातात लांब काठी. काठीने गवत हलवून मगच विळा. सायंकाळच्या उपासनेनंतर टॉर्च.

दंश झालाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. अंगठी-बांगडी काढायची, तो अवयव हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. जवळचं कोणतं ते आधीच विचारून फाटकाच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवा.

प्रतिसाद १०: वाईकर

आभारी आहे, पट्ट्याची कल्पना नकाशावर दाखवता येईल. आता मनोऱ्याचं सांगा. पारवे, वटवाघळं आणि घुबड तिन्ही आहेत. पारव्यांची घाण सगळ्यांना नकोशी झाली आहे, जाळी मारायचं चाललंय.

प्रतिसाद ११: पिंगळा

जाळी मारा, पण कोणती ते बघून. बाजारात दोन मापं मिळतात. पारव्यांसाठी ५० मिमी भोकाची पुरते. १९-२० मिमीची घेतली तर पारव्यांबरोबर चिमण्याही बाहेर राहतात. खालच्या कडेला, छज्जाखाली पिसांची आणि गवताची, लाळेने चिकटवलेली गोल घरटी एकमेकांना चिकटून दिसली तर ती छोट्या पाकोळीची आहेत. उडते तेव्हा विळ्यासारखे पंख आणि कमरेवर पांढरा पट्टा दिसतो. तो भाग जाळीबाहेर ठेवा. (आपल्याकडे छोट्या वटवाघळालाही पाकोळीच म्हणतात, त्यामुळे कमिटीत बोलताना कोणती पाकोळी ते स्पष्ट करा, नाहीतर भलत्याच भोकाला सिमेंट लागतं.) घरट्यात अंडी-पिल्लं असताना काहीही बुजवायचं नाही. दिवसभर थांबून ये-जा बघा, मगच काम काढा.

वटवाघळं आहेत की उंदीर हे लेंडीवरून कळतं. बोटांत कागद धरून चुरडा. वटवाघळाची लेंडी कोरडी भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकते तुकडे दिसतात. उंदराची टणक असते, चुरत नाही. किडे खाणारी ही छोटी वटवाघळं लाकूड कुरतडत नाहीत, वायर कुरतडत नाहीत. त्रास होतो तो मूत्राचा. पितळी सामान आणि पॉलिश केलेली बाकं डागाळतात. ती ज्या फटीतून येतात तिच्याखाली प्लॅस्टिकचा कागद किंवा फळी लावा, महिन्याने धुवा. झाडताना आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा, कोरडी धूळ छातीला वाईट.

घुबड पांढऱ्या, बदामासारख्या चेहऱ्याचं असेल तर ते गव्हाणी घुबड. उंदरांवर त्याच्याइतका उपाय नाही. त्याला पेटी द्यायची तर तळ साधारण दोन फूट बाय दोन फूट हवा. दार १३ सेंटीमीटर बाय १३, आणि दाराची खालची कड तळापासून किमान ४५ सेंटीमीटर वर. लोक इथेच चुकतात. दार खाली ठेवलं की पिल्लं उडता यायच्या आधी बाहेर येतात आणि पडतात. पेटी जमिनीपासून १५ फुटांच्या वर, घंटेच्या दोरीपासून लांब, पश्चिमेच्या पावसाची झड लागणार नाही अशी. रविवारची घंटा नेमाने वाजते, तिची सवय होते. पेटीजवळ रोज नवीन माणूस डोकावला तर मात्र ते जागा सोडतं. आणि आवारात उंदराचं औषध बंद. विष खाऊन झिंगलेला उंदीर सहज हाती लागतो, आणि तो खाऊन घुबड मरतं.

चिमण्यांसाठी ३२ मिमीचं गोल भोक, तळ १५ बाय १५ सेंटीमीटर, भोक तळापासून १५ सेंटीमीटर वर. लाकडीच पेटी, पत्र्याची एप्रिलमध्ये भट्टी होते. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. बाहेर बसायला दांडी लावू नका, तिच्यावर कावळा बसून आत चोच घालतो. तीन-चार पेट्या शेजारी शेजारी लावा, चिमणीला शेजार लागतो.

नाताळची रोषणाई झाडांवरून काढून इमारतीवर घ्या. एरवी मनोऱ्यावर दिवा लागत असेल तर पिवळसर आणि खाली वळवलेला असावा, दहाला बंद व्हावा.

प्रतिसाद १२: चुनखडी

दफनभूमीतल्या दगडांबद्दल थोडं. जुन्या कबरीच्या दगडावर राखाडी, केशरी, पिवळसर चट्टे असतात ते दगडफूल. काळ्या मसाल्यात घालतो त्याचेच भाऊबंद. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, म्हणजे तळहाताएवढा चट्टा दशकांचा असू शकतो. तारेचा ब्रश आणि ॲसिड हे दोन्ही वर्ज्य. संगमरवरावर ॲसिड पडलं की दगडच विरघळतो, चकाकी जाते, पुढच्या पावसाला अक्षरं पुसट होऊ लागतात. नाव वाचता यायला हवं असेल तर फक्त अक्षरांपुरतं साधं पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश.

पिंपळ-उंबर मात्र कबरीवर आणि भिंतीत ठेवू नका. पाखरं बी टाकतात, फटीत रोप येतं. वीतभर असताना भर पावसात, चुना ओला असताना मुळासकट ओढून निघतं. मनगटाएवढं झालं की ओढलं तर दगडही येतो. तेव्हा कापून टाका आणि दर महिन्याला नवे फुटवे खुडत राहा, दोन पावसाळ्यांत दमतं. फट चुन्यानेच भरा. चुन्यातल्या जुन्या बांधकामाला सिमेंट लावलं की ओल बाहेर पडत नाही, दगडाचे पापुद्रे निघतात. आवारात मोकळ्या जागी उंबर असेल तर तो जिवापाड जपा. हरियाल, तांबट, वटवाघळं, सगळी त्याच्यावर.

शहराच्या हद्दीत मोठं झाड तोडायची वेळ आली तर नगरपालिकेची किंवा महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. चर्चच्या जागेलाही तो लागू आहे.

प्रतिसाद १३: संगममाहुली

कासचं बी आणून टाकलं तर?

प्रतिसाद १४: भूकमळ

कृपा करून नको. कास राखीव वन आहे, पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे. तिथून बी-रोप काही उचलायचं नाही. आणि उचललं तरी जगत नाही. तिथली फुलं सुमारे १२०० मीटर उंचीवर, जांभ्याच्या कातळावरच्या बोटभर मातीत, सतत ओलीत वाढतात. काळ्या मातीत, शहराच्या उन्हात ती पहिल्या उघडिपीलाच संपतात.

बी आपल्याच तालुक्यातल्या रस्त्याकडेचं, बांधावरचं घ्या, मालकाला विचारून. कुर्डू, टाकळा, तेरडा, तरवड, गोकर्ण एवढ्यावर सुरुवात पुरते. एका ठिकाणी दहा झाडं असतील तर दोन-तीनचंच घ्या. कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. तरवडाच्या बीचं कवच कठीण असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवा. १०० चौरस फुटांना ३०-४० ग्रॅम मिश्र बी, एक घमेलं कोरड्या वाळूत मिसळून, मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर फेका. वाळूमुळे कुठे पडलं ते दिसतं आणि एकाच जागी ढीग होत नाही. आधी जमीन लोखंडी दाताळ्याने नुसती ओरखडा. खणू नका, शेणखत घालू नका. बी मातीने झाकायचं नाही, पायाने दाबायचं.

आधीचं जुनं गवताळ आवार असेल तर पहिलं वर्ष काहीच टाकू नका. नुसती कापणी थांबवा आणि काय येतं ते बघा. बऱ्याचदा विकतचं काही लागत नाही.

परदेशी आहे म्हणून सगळंच उपटायचं, असंही नाही. एकदांडी बाहेरची आहे, पण उन्हाळ्यात फुलपाखरांना तीच उरते. दफनभूमीतला चाफाही मूळचा अमेरिकेकडचा. पिढ्यान् पिढ्यांची ती सावली कशाला तोडायची? घाणेरी, सुबाभूळ आणि रानमोडी मात्र मुळासकट काढा, त्या दुसऱ्याला जगू देत नाहीत. कोपऱ्यात रुईची दोन-चार झाडं राहू द्या, बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. लिंबाचं एक झाड असलं तर आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही अंडी घालायला येतं.

प्रतिसाद १५: माणदेशी

कागदावरचं काम विसरू नका. पाळकांची बदली होते, कमिटी बदलते, आणि नवे लोक उत्साहाने पहिल्याच महिन्यात सगळं सपाट करतात. नकाशासकट ठराव रजिस्टरला लिहून घ्या. ज्या घरच्यांची कबर राखीव तुकड्यात येते त्यांना आधी भेटून विचारा. त्यांना नको असेल तर ती कबर आणि भोवतीचा पट्टा सोडा, वाद घालू नका. आणि फाटकाशी पाटी लावा: 'इथलं गवत रानफुलांसाठी राखलं आहे. बी गळाल्यावर कापणी होईल.' पाटी नसली की गवत दुर्लक्षित वाटतं, आणि दफनभूमी दुर्लक्षित दिसणं कुणालाही खुपतं. वाटेची कड दोरी लावून सरळ कापली तर पाटीइतकाच उपयोग होतो.

प्रतिसाद १६: वाईकर

संडेस्कूलच्या मुलांना यात काय देता येईल?

प्रतिसाद १७: चुनखडी

मोजणी. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन राखीव तुकड्यात आणि तेवढाच नेहमी कापल्या जाणाऱ्या भागात. जून ते नोव्हेंबर, महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही चौकोनांत किती प्रकारची फुलं ते वहीत लिहायचं. नाव येत नसेल तर चित्र काढायचं, फूल तोडायचं नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली रानातली फुलं मुलांना पाठ असतात, ती इथे पायाखाली दाखवता येतात. फुलामुलांचे कवी रेव्हरंड टिळक साताऱ्यात राहिले होते, हेही त्यांना कळू द्या.

पक्ष्यांच्या पाण्याची जबाबदारीही त्यांची. पसरट, खरखरीत मातीची परात, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नाही, झुडपापासून पाच-सहा फूट लांब म्हणजे मांजर दबा धरत नाही. एक दिवसाआड पाणी बदला, आणि आठवड्यातून एकदा काथ्याने घासून उन्हात वाळवा. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

प्रतिसाद १८: मिरजमळा

शेवटची शंका. परतीचा पाऊस लांबला तर मिरजेलाही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळं हिरवं असतं. मग कापणी कधी धरायची?

प्रतिसाद १९: भूकमळ

झाडाला विचारा. टाकळ्याची शेंग तपकिरी होऊन हलवल्यावर वाजली पाहिजे. गवताची काडी बुडाशी पिवळी झालेली पाहिजे. आणि कुर्डूचा तुरा तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळा. पांढरट, मऊ काही निघालं तर आठ दिवस थांबा. काळं, मोहरीहून बारीक, चकचकीत बी हातावर सांडलं तर दुसऱ्या दिवशी विळा लावायला हरकत नाही.